लाखात एक? हा हिशेबच चुकीचा

कोल्हापुरात वर्षानुवर्षं ऐकतोय, "मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू चारही येणारा माणूस लाखात एक." पटवायला लोक प्रत्येक भाषेची टक्केवारी घेऊन गुणाकार करतात आणि उत्तर नखभर येतं. पण हा गुणाकार कधी चालतो? एक भाषा येण्याचा दुसरीशी काडीचाही संबंध नसेल तेव्हाच.

इथं तर भाषा एकमेकींचा हात धरून येतात. कागलच्या पुढं निपाणी, म्हणजे कर्नाटकच. शिरोळ, गडहिंग्लजकडं घरात कन्नड, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी. शाळेची पायरी न चढलेल्या आज्याही तिन्ही बोलतात, आणि त्याचं मला फार मोल वाटतं. बोलण्यातली हिंदी-उर्दू तर इतकी जवळची, की त्यांना वेगवेगळं गुणणंच चूक.

जनगणनेचा आधारही अपुरा. २०११ मध्ये सुमारे २६ टक्के भारतीयांनी किमान दोन, तर ७ टक्क्यांनी तीन भाषा येतात असं सांगितलं. पण तिथं मातृभाषेशिवाय दोनच भाषा नोंदवतात. चौथी मोजलीच जात नाही.

मराठी-कन्नडसोबत कुणी स्वाहिली शिकलं, तर त्याला दुर्मीळ म्हणा. ती इथं कानावर पडत नाही, मुद्दाम शिकावी लागते.