खुलासा: मंजुरी मिळाली म्हणजे पैसा आला असं नाही

‘रोजगार-प्रशिक्षणाचा प्रकल्प मंजूर झाला की संस्थेच्या सरकारी पैसा खात्यात पडतो, मग वर्ग चालोत न चालोत’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. अनेक रोजगार-प्रशिक्षण योजनांत निधी हप्त्याहप्त्याने येतो. आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि शेवटचा बऱ्याचदा नोकरीशी बांधलेला असतो. वेल्डिंग शिकलेल्या मुलाची पगारपावती फाइलला लागली नाही, की संस्थेचे तेवढे पैसे अडकले!

या पद्धतीतही खोट आहेच. अमेरिकेत १९८२ च्या ‘जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप ॲक्ट’ या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्यात निकालांवर, म्हणजे किती जणांना नोकरी लागली यावर, भर होता. तेव्हा नोकरी सहज लागेल असेच उमेदवार निवडले जातात, अशी टीका झाली. खरी गरज असलेले दाराबाहेरच.