अपडेट दुपारी, जेवणानंतर

घरचा कॉम्प्युटर ऐन घाईच्या वेळी ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ म्हणत बसतो. बहुतेक वेळा त्याचं कारण साधंच असतं. हे काम उरकायची त्याची जी वेळ होती, तेव्हा तो बंद होता. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री २ वाजता लावलेली असते. जिथे यंत्रं रात्रभर चालू राहतात त्या ऑफिसांना ती वेळ उत्तम. गोव्यात फोंड्या-डिचोलीच्या घरांत मात्र झोपण्यापूर्वी कॉम्प्युटर, राउटर आणि पुष्कळदा भिंतीवरचं बटणही बंद होतं. वळवाचा किंवा परतीचा पाऊस असेल तर पहिल्या गडगडाटालाच प्लग निघतो, आणि ते शहाणपणाचंच आहे. मग साचलेलं काम सकाळी मशीन लावल्या लावल्या सुरू होतं.

माझ्या मते गोव्यातल्या घरांसाठी खरी वेळ दुपारची. दुकानांची शटरं खाली, जेवण झालेलं, घर आडवं झालेलं. कॉम्प्युटर चालू आहे, नेट आहे, पण त्याच्याकडे कोणाचं काही काम नाही. अपडेटला एवढंच हवं असतं.

वार कोणता, तेही ठरवता येतं. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. आपल्या हातात त्या येतात बुधवारी. त्याच बुधवारी हल्लेखोरही कामाला लागतात. जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवली की नेमकी कोणती फट बुजवली ते कळतं, आणि ज्यांनी अजून बुजवलेली नाही त्यांच्या यंत्रात त्याच फटीतून शिरता येतं. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ला जगभर पसरला. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. ५९ दिवस हाताशी असूनही दीडशेच्या आसपास देशांतली लाखो यंत्रं अडकली.

याच्या उलटही घडलं आहे. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचं एक सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ला सुटलं. सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली आणि आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. कंपनीने १०.५७ला ते अपडेट मागे घेतलं. या ७८ मिनिटांत जी यंत्रं बंद होती ती वाचली. (ही प्रणाली कंपन्यांची, घरगुती यंत्रांना त्याची झळ नव्हती.) म्हणून आलेल्या क्षणीच बसवण्याची घाई नको आणि दोन महिने टाळाटाळही नको. सुरक्षेची दुरुस्ती बुधवार-गुरुवारच्या दुपारी बसवावी. नवं रूप, नव्या सोयी आणणारं वर्षाचं मोठं अपडेट महिनाभर थांबलं तरी काही बिघडत नाही.

आणि मधेच लाईट गेली तर? वाऱ्याने माडाचं चुडत तारेवर पडलं की पावसाळ्यात हे होणारच. अपडेट आधी पूर्ण उतरवून घेतलं जातं, त्यावरची डिजिटल सही तपासली जाते आणि नव्या फायली जुन्यांवर न लिहिता बाजूला रचल्या जातात. चालू असलेल्या फायली विंडोजला बदलता येत नाहीत, म्हणून खरी अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी होते. ती अर्धवट राहिली तर पुढच्या वेळी यंत्र बहुतेकदा केलेले बदल मागे घेतं. या भरवशाला अपवाद म्हणजे बायोसचं, म्हणजे यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट. ते मधे तुटलं तर मशीन चालूच न होण्याचा धोका असतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा, आणि ढग दाटून आले असतील तर ते त्या दिवशी करूच नये.

विंडोजमध्ये ‘अॅक्टिव्ह अवर्स’ नावाची सेटिंग असते. त्या तासांत यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही. ती जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. दुपारी ४ ते सकाळी १० असं दिलं की रीस्टार्टला १० ते ४ एवढीच जागा उरते. सत्तरी-सांग्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्यांनी ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, म्हणून नोंदवावं, नाहीतर दिवसाचा डेटा एका अपडेटमध्ये संपेल. घरी दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ चालू ठेवावं. एकाने उतरवलेले तुकडे दुसरा घरच्या घरी घेतो.

विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांना हे फारसं करावं लागत नाही. तिथे दुरुस्त्यांची चौकशी सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ला लावलेली असते, पण त्यात मुद्दाम १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळलेला असतो. सगळे ठोक्याला निघाले तर गणेशचवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानासाठी म्हापशाच्या बाजारात जे होतं ते सर्व्हरचं होईल. त्या वेळी यंत्र बंद असेल तर राहून गेलेलं काम ते सुरू झाल्यावर आठवणीने केलं जातं. विंडोजपेक्षा ही मांडणी मला अधिक समंजस वाटते.

विंडोज १० असलेल्या घरांत मात्र आधी वेगळंच पाहावं लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा पुरवठा थांबला. वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलेल्या घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत दुरुस्त्या मिळतात. नोंदणीचा पर्याय सेटिंग्जमध्ये, ‘विंडोज अपडेट’च्याच पानावर असतो.