ग्रासबर्गचं तांबं आणि पाणी

सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या ताब्यातील पापुआत, ग्रासबर्ग या तांब्या-सोन्याच्या खाणीच्या बोगद्यांत सुमारे आठ लाख टन ओला चिखल घुसला. सात कामगार दगावले. आपल्याकडे चर्चा झाली ती तांब्याच्या भावाची.

हा साठा सापडल्याची कथा १९३६ पासून सुरू होते. ज्याँ जाक डोझी हा डच भूवैज्ञानिक कार्स्टेन्स शिखराच्या मोहिमेवर गेला होता. तिथल्या उंच कुरणात त्याला एकच काळा सुळका उभा दिसला, एर्ट्सबर्ग. त्याचा अहवाल १९३९ मध्ये छापून आला आणि महायुद्धाच्या धामधुमीत मागे पडला. १९६० मध्ये अमेरिकेच्या फ्रीपोर्ट कंपनीचा भूवैज्ञानिक फोर्ब्स विल्सन जंगल तुडवत तिथवर पोचला, १९७३ मध्ये खाण सुरू झाली. शेजारच्या गवताळ ग्रासबर्गची नोंदही डोझीनं केली होती, पण त्याच्या पोटातला प्रचंड साठा कळायला १९८८ उजाडलं.

आता यातला खरा नवलाचा भाग. हे तांबं तिथं आणलं पाण्यानं. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडे, इथं शिलारस वर चढत होता. त्यात पाणी विरघळलेलं होतं. वर येताना दाब उतरला की सोड्याची बाटली उघडल्यासारखं ते पाणी शिलारसातून सुटतं आणि क्लोरीन, गंधक, तांबं, सोनं सोबत घेऊन निघतं. तांबं क्लोराइडशी संयुग करून विरघळलेलं राहतं. या पाण्याच्या दाबानं भोवतालचा खडक असंख्य बारीक भेगांनी तडकतो. भेगांत तापमान चारशे अंशांच्या आसपास उतरलं की ती संयुगं टिकत नाहीत. तांबं लोह-गंधकाशी जुळून चाल्कोपायराइट या खनिजाच्या रूपात बसतं. हेच आम्लधर्मी द्रावण चुनखडीला भिडलं तर आणखी वेगळं घडतं. चुनखडी आम्ल शमवते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि तिच्या जागी गार्नेट, मॅग्नेटाइट (लोहाचं खनिज) आणि तांब्याची खनिजं येतात. एर्ट्सबर्ग असाच घडला. पुढं हिमनदीनं भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला, टणक मॅग्नेटाइट उभा राहिला.

धातू असा खडकात विखुरलेला असतो, म्हणूनच ‘सोन्याचा डोंगर सापडला’ असे व्हिडिओ पुढे पाठवू नका. इथल्या टनभर दगडात सोनं असतं साधारण ग्रॅमभर. गुप्तधन दाखवणाऱ्या मांत्रिकाला ते दिसणार नाही. त्यासाठी रासायनिक विश्लेषण लागतं.

इतक्या विरळ धातूसाठी अख्खा डोंगर फोडावा लागतो. वरची उघडी खाण संपल्यावर आता खालून आधार काढून खडक आपल्या वजनानं कोसळू देतात. तिथं पाऊस प्रचंड. पाणी या चुऱ्यात मुरतं आणि सगळं एकदम वाहून येऊ शकतं. तांबं वेगळं केल्यावर उरलेला गाळ, एकेकाळी रोज दोन लाख टनांहून अधिक, अज्क्वा नदीत सोडला गेला. खाली मासे आणि सागोवर (एका ताडाच्या पिठूळ गरावर) जगणाऱ्या कामोरो लोकांची ती नदी.

या डोंगरांना पवित्र मानणाऱ्या अमुंगमे लोकांना कुणी विचारलंच नाही. फ्रीपोर्टचा खाणीचा करार १९६७ चा. पापुआ इंडोनेशियात राहणार की नाही, यावरचं ‘मतदान’ झालं १९६९ मध्ये, तेही सुमारे हजार निवडक प्रतिनिधींकडून. कंपनीच्या कमाईतला एक टक्का स्थानिकांच्या विकासासाठी देण्याची योजना आली ती १९९६ च्या दंगलीनंतर.