सही सरांची, तक्रार पुण्याला

महिना संपत आला की फेलोशिपच्या कागदांवर गाइडची, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाची, सही लागते. ती मिळेपर्यंत पैसे अडकतात. नाशिकमध्ये पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, सरांशी बिनसल्याची पहिली खूण इथेच दिसते. 'सर मीटिंगमध्ये आहेत', 'उद्या या', 'आधी तो चॅप्टर दाखवा'. याला भांडण कुणी म्हणत नाही. 'सर जरा नाराज आहेत' एवढंच म्हणतात, आणि ही नाराजी कधीकधी दोन-दोन वर्षं चालते.

ही पदवी मुळात जर्मन विद्यापीठांतून जगभर गेली. तिथे मार्गदर्शकाला जो शब्द आहे, 'डोक्टरफाटर', त्यातच 'वडील' आहे. पण वडीलधाऱ्याशी मतभेद झाला म्हणजे नातं तुटलंच पाहिजे असं नाही. काळारामाचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची घोषणा (१९३५) यांमुळे नाशिक जिल्ह्याचं ज्यांच्याशी नातं आहे, त्या डॉ. आंबेडकरांचं उदाहरण घ्या. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनचा प्रबंध परीक्षकांना रुचला नाही, काही भाग पुन्हा लिहावा लागला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली. तो पुस्तकरूपाने आला तेव्हा प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. पुस्तकात चलनव्यवस्थेवर केलेली बरीचशी टीका मला मान्य नाही, असं कॅनननी तिथेच स्वच्छ लिहून टाकलं आणि विचारांच्या ताजेपणाला दादही दिली. असा छापील मतभेद आपल्याकडच्या किती प्रबंधांत सापडेल?

नाशिकची अडचण आणखी एक होती, अंतराची. इथलं हं. प्रा. ठा. (हंसराज प्रागजी ठाकरसी) कॉलेज १९२४ चं. तेव्हा विद्यापीठ मुंबईचं होतं, १९४९ मध्ये पुण्याचं आलं. संशोधन केंद्र इथे आणि विद्यापीठ तिथे, मधे दोनशेहून अधिक किलोमीटर. पूर्वी गाइड आपणच शोधायचा, त्यांची संमती मिळवायची आणि मग नोंदणी. म्हणजे सुरुवातच उपकाराने व्हायची. पुढे खटकलं तर अर्ज आधी विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग पुणे असा वर जायचा, आणि वाटेत कुठेतरी गाइडचाच शेरा लागायचा. एका विषयाचे इथे दोन-तीनच गाइड. ते एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला शेजारी बसणारे. एकाला सोडून आलेला विद्यार्थी दुसरा सहसा घेत नसे. नियमाने कुणी मनाई केली नव्हती, तसं कुणी करत नव्हतं इतकंच.

गर्दी वाढली ती २००९ नंतर. त्या वर्षी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल.-पीएच.डी.साठी देशभर एकच किमान नियमावली आणली. त्या नियमांनुसार पीएच.डी. केलेल्याला सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, अट राहिली नाही. मग नेट न निघालेले सगळेच गाइडच्या दारात. प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापून आणणंही सक्तीचं झालं. पुढच्याच वर्षी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आली, तिच्यातही शोधनिबंधाला गुण. पहिला लेखक आणि मार्गदर्शक यांनी मिळून साठ टक्के गुण वाटून घ्यायचे, उरलेले चाळीस इतर लेखकांचे. एकाच पेपरवर विद्यार्थ्याची पदवी आणि सरांची बढती अवलंबून राहिली. नाव कुणाचं आधी, या प्रश्नाने त्यानंतर जितकी मनं दुखावली तितकी प्रबंधातल्या मतभेदांनी दुखावली नसतील, असं मला वाटतं. २०२२ च्या नियमांनी पेपरची सक्ती काढली. उशिरा सुचलेलं, पण बरं झालं.

मधल्या काळात, २०१६ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार अशी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची मर्यादा पक्की झाली. आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सल्लागार समिती आली, तिच्यापुढे सहा महिन्यांतून एकदा प्रगती मांडायची. कल्पना चांगलीच, विद्यार्थ्याचं म्हणणं तिसऱ्या माणसाच्या कानावर जावं. पण समितीचा निमंत्रक कोण? तोच गाइड. सरांविषयी बोलायचं ते सरांसमोर, सरांनी बोलावलेल्या बैठकीत. मी अशा बैठका पाहिल्यात. 'काही अडचण?' असं विचारतात. विद्यार्थी 'नाही सर' म्हणतो आणि बिस्किटांची बशी पुढे सरकते.

तक्रारीची खरी वेगळी वाट म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल. यूजीसीने ही व्यवस्था २०१२ मध्ये आणली, २०१९ मध्ये बदलली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा नव्याने लिहिली. आता समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर लोकपालाकडे अपील, आणि तिथे तीस दिवसांत निकाल. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश लोकपाल होऊ शकतात. फी परत न करणं किंवा कागदपत्रं अडवणं अशा तक्रारींना पुरावा असतो, त्या मांडता येतात. 'सर माझा चॅप्टर वाचत नाहीत' ही तक्रार कुठल्या रकान्यात भरायची?

याच नाशिकमध्ये, म्हसरूळला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ चं. त्याच्या कारभारात अख्खा महाराष्ट्र. आपल्याला जसं पुणे लांब, तसं लातूर-नागपूरच्या एम.डी.च्या विद्यार्थ्याला नाशिक लांब. त्याची पंचाईत जास्त, कारण डिझर्टेशनचा, म्हणजे एम.डी.च्या प्रबंधाचा, गाइड बऱ्याचदा ड्यूटी लावणाराही असतो.

माझा तिसरा चॅप्टर आठ महिने एका कपाटात पडून होता. तक्रार समितीकडे मी गेलो नाही, लोकपाल हा शब्दही तेव्हा ठाऊक नव्हता. शेवटी आमच्या विभागातल्या एका निवृत्त मॅडमनी सरांना फोन केला, 'अहो, पोराचं वय चाललंय, वाचून टाका एकदाचा.' आठवड्यात चॅप्टर परत आला. समासात लाल पेनाच्या खुणा होत्या. सरांनी तो खरोखर वाचला होता, आणि दोन ठिकाणी माझी चूक अगदी बरोबर पकडली होती.