नस चढली की ऊन लागलं? बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यांतल्या पेटक्यांची पार्श्वभूमी

5 जून 2014 च्या रात्री अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या बंदिस्त स्टेडियममध्ये पारा 32 अंशांच्या आसपास गेला आणि त्यावर जगभर चर्चा झाली. नागपुरात हा आकडा सांगितला की लोक हसतात. मे महिन्यात आपल्याकडे रात्री जेवणं उरकल्यावरही एवढं असतं आणि त्याला आपण 'आज जरा बरं आहे' म्हणतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली. 2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने तर 56 दाखवलं, पण तिथला सेन्सरच बिघडलेला निघाला. तेव्हा आकड्यांचं आपल्याला अप्रूप नाही. पण त्या 32 अंशांतून निघालेला वाद अजून मिटलेला नाही आणि तो आपल्याही मैदानांवर येऊन पोचतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा तो पहिला सामना. विजेच्या बिघाडाने एसी बंद पडलेला, प्रेक्षक अठरा हजारांवर. नुसता बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. म्हणजे अठरा हजार माणसं ही 1,800 किलोवॅटची शेगडी झाली, आणि तिच्यात श्वासांचा नि घामाचा दमटपणा वेगळाच. लोक हातात येईल त्या कागदाने वारा घेत होते. पाहुण्या मायामी संघाचा हुकमी एक्का, त्या काळात जगातला सर्वांत नावाजलेला खेळाडू लेब्रॉन जेम्स, 33 मिनिटांत 25 गुण करून शेवटच्या चार मिनिटांच्या तोंडावर बास्केट करतो आणि तिथेच थांबतो. पायात गोळा आला, पाय हलेना. सहकाऱ्यांनी अक्षरशः उचलून बाकाकडे नेलं. तेव्हा गुणफलक 94-92 होता. त्यानंतर यजमानांनी 16 गुण केले, पाहुण्यांनी 3. सामना 110-95 असा संपला.

सामना थांबवायला हवा होता का, हा खरा प्रश्न. थांबवण्याचा विचारही झाला नव्हता, असं आयोजकांच्या बाजूने नंतर सांगण्यात आलं. समर्थनाचा मुद्दा एकच: हवा दोन्ही संघांना सारखीच होती. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण मला ते कधीच पटलेलं नाही. हवा सारखी असली तरी शरीरं सारखी नसतात. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. शंभर किलोंहून जास्त वजनाचा, सगळ्यांत जास्त धावणारा माणूस सगळ्यांत जास्त तापतो, आणि वजनाच्या मानाने त्याची कातडी मात्र कमी असते. 'सगळ्यांना सारखं' याचा अर्थ इथे 'ज्याच्यावर संघ उभा आहे त्याला जास्त' असा होतो.

दुसऱ्या दिवशी चर्चा एसीची कमी आणि त्या खेळाडूच्या 'नाजूकपणा'ची जास्त झाली. तो ज्यांची जाहिरात करत नव्हता अशा एका पेय कंपनीने समाजमाध्यमांवर त्याला टोमणे मारले आणि मग माफी मागितली. 2012 च्या अंतिम मालिकेतही त्याच्या पायांत गोळे आले होते, पण तेव्हा लंगडत परत येऊन त्याने तीन गुणांची बास्केट केली आणि संघ जिंकला. म्हणून ते शौर्य ठरलं. पेटका तोच, निकाल वेगळा.

याआधीचं ठळक उदाहरण 8 जून 1984 चं, बॉस्टनच्या जुन्या, एसी नसलेल्या स्टेडियममधलं. आत 36 अंश. लॉस एंजेलिसच्या 37 वर्षांच्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) बाकावर बसून मास्कने ऑक्सिजन घ्यावा लागला. यजमान 121-103 ने जिंकले, त्यांच्या मुख्य खेळाडूने 34 गुण काढले, आणि त्या उकाड्याची पुढे दंतकथा झाली. त्याही मागे जायचं तर एवढंच पुरे की हा खेळ 1891 च्या डिसेंबरात, बाहेर बर्फ असताना पोरांना आत खेळायला काहीतरी हवं म्हणून निघाला. सामने वाढत गेले, हंगाम लांबला आणि हिवाळ्यातल्या खेळाचा अंतिम सामना जूनमध्ये येऊन पडला.

आता शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे. नागपूरच्या कुठल्याही कोर्टवर पोरगं पोटरी धरून खाली बसलं की पहिलं वाक्य येतं, "नस चढली बे!" जुनी माणसं 'वांब आला' म्हणतात, पुस्तकात 'पेटका' लिहितात, घरी 'गोळा आला' म्हणतात. यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द 'गोळा'. पोटरीच्या कातडीखाली लिंबाएवढी गाठ खरोखर उभी राहिलेली दिसते, बोटाने दाबली तर दगड लागतो. 'नस' मात्र कुठे चढत नाही. स्नायू आवळतो आणि सुटायचं विसरतो.

इंग्रजीतला घोळ याहून मोठा आहे. तिथे जुना शब्द 'हीट क्रॅम्प', म्हणजे उष्णतेचा पेटका. तो आला खाणींतून आणि जहाजांच्या बॉयलरखोल्यांतून. 1923 मध्ये ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांबद्दल असं मांडलं गेलं की घामातून मीठ जातं, माणूस वर साधं पाणी ढोसतो, अंगातलं उरलेलं मीठ आणखी पातळ होतं आणि पेटके येतात. 1930 च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात मोठं धरण बांधताना कामगारांवर हेच दिसलं, आणि मिठाच्या गोळ्या वाटण्याची पद्धत रुळली. खेळाने हा शब्द जसाच्या तसा उचलला. 1965 मध्ये फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या पोरांसाठी मीठ-साखरेचं पेय तयार झालं आणि तो धंदा या शब्दावर पोसला. आपल्याकडे जलसंजीवनी हगवणीसाठी आली, पण आतड्यात साखरेसोबत मीठ शोषलं जातं हे तत्त्व एकच.

अडचण अशी की खाणकामगाराचे पेटके हात, पोट, पाय असे अंगभर फिरत. खेळाडूचा गोळा बहुतेकदा जो स्नायू राबला त्याच स्नायूत येतो. शिवाय पाय सरळ करून पंजा नडगीकडे दाबला की तो काही क्षणांत सुटतो. ताणल्याने अंगात मीठ शिरत नाही. 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून दुसरं स्पष्टीकरण आलं: थकलेल्या स्नायूत आवळण्याचे संदेश वाढतात, सोडण्याचे घटतात. नंतर लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशा शर्यतीत) पेटके आलेल्या आणि न आलेल्या खेळाडूंची रक्तं तपासली, तर क्षारांत लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. 2010 च्या एका प्रयोगात विजेच्या झटक्यांनी मुद्दाम पेटके आणून काकडीच्या लोणच्याचा खार पाजला. दीड मिनिटाच्या आतबाहेर पेटका गेला, पाण्यापेक्षा लवकर. एवढ्या वेळात खारातलं मीठ रक्तात पोचत नाही, म्हणजे घशातून मज्जातंतूंना काहीतरी इशारा जात असावा. (तो खार म्हणजे व्हिनेगरचं पाणी. आपल्या कैरीच्या लोणच्याचं तेल मॅचच्या मध्ये पिऊन बघू नये.)

मिठाची बाजू पूर्ण खोटी ठरली असंही नाही. काहींच्या घामात मीठ इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. काळ्या जर्सीवर वाळल्यावर पांढरे नकाशे उमटणारे खेळाडू प्रत्येक संघात एकदोन असतात, आणि वारंवार गोळे येणाऱ्या टेनिसपटूंना मीठ वाढवून फायदा झाल्याचंही नोंदलेलं आहे. म्हणूनच जाणकार आता 'हीट' हा शब्द गाळून 'व्यायामासोबत येणारे पेटके' असं सावध नाव वापरतात.

नाव बदललं की दोष बदलतो, हे मात्र कमी बोललं जातं. उष्णतेचा पेटका म्हटलं तर प्रश्न हॉलला, वेळापत्रकाला आणि आयोजकांना विचारावा लागतो. थकव्याचा म्हटलं की सगळं खेळाडूच्या तयारीवर ढकलता येतं. आपल्याकडच्या उन्हाळी सूचनापत्रकांत पेटके, मग थकवा, मग उष्माघात अशी पायरी छापतात, तीही फसवी आहे. पेटका न येता थेट उष्माघात होऊ शकतो, आणि थंड हवेतही, अगदी तलावात पोहतानाही गोळा येतो.

नागपूरच्या स्पर्धांत हे कसं दिसतं? मे मध्ये सामने दिवे लावून रात्री होतात. सिमेंटचा कोर्ट नऊ वाजताही बुटाच्या तळव्यातून चटका देतो, पण हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडतो. एक लिटर घाम उडाला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीर तग धरतं. फसगत एवढीच की घाम दिसत नाही, म्हणून पोरं पाणी पीत नाहीत. हॉलमध्ये मात्र कूलर लावतात. मे मध्ये ते काम करतात. पाऊस पडून गेल्यावर, शालेय स्पर्धांच्या दिवसांत, तेच कूलर आतला दमटपणा वाढवतात आणि घाम अंगावरच वाहत राहतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गोळे ऑगस्ट-सप्टेंबरातल्या 33 अंशांत आलेत, 45 मध्ये नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिकी प्रशिक्षण तळावर उष्णता मोजायची जी पद्धत निघाली तिच्यात ओल्या फडक्याच्या, म्हणजे दमटपणा पकडणाऱ्या थर्मामीटरला 70 टक्के वजन आहे, ते याचसाठी.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बाकावरून कुणी उपचाराला आत आलं की सहसा खेळाडू बदलावा लागतो. म्हणून आपल्याकडची पोरं खाली पडल्यावर आधी हात हलवून प्रशिक्षकाला थांबवतात आणि स्वतःच अंगठा ओढून बघतात. गेल्या वर्षी एका अंतिम सामन्यात असाच एक गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) तीनदा उठला. हॉलमध्ये चार कूलर होते, चारही पाहुण्यांच्या सोफ्यामागे. चौथ्यांदा तो उठला नाही, तेव्हा कुणीतरी एक कूलर ओढत बाकाकडे आणला आणि वायर पुरली नाही.