क्रेप मर्टल की तामण? घराजवळ लावायच्या आधी एवढं नक्की बघा

चुरगळलेल्या कागदासारख्या जांभळट गुलाबी पाकळ्या दिसल्या की एक म्हणतो तामण, दुसरा म्हणतो क्रेप मर्टल, आणि नुसत्या रंगावरून ठरवायला गेलं तर दोघंही बरोबर वाटतात, कारण ही सख्खी भावंडंच आहेत. लॅगरस्ट्रोमिया इंडिका म्हणजे क्रेप मर्टल आणि लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा म्हणजे तामण, आपलं राज्यपुष्प. नावात मर्टल असलं तरी खऱ्या मर्टलशी याचं जवळचं नातं नाही, उलट मेंदी आणि डाळिंब ज्या कुळातले त्याच कुळातलं हे झाड!

माझं स्वतःचं क्रेप मर्टल समजून भिंतीपासून जेमतेम दीड मीटरवर लावलेलं रोप तामण निघालं. कळलं तेव्हा ते माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि काढताना खरंच जीवावर आलं, म्हणून हे सगळं लिहितेय.

रोप हातात आलं की फुलाची वाट बघू नका, पान बघा. क्रेप मर्टलचं पान साधारण 2.5 ते 7 सेंमी, देठ जवळजवळ नाहीच. तामणाचं पान चांगलं पंजाएवढं, मोठं आणि जाडसर, 15-20 सेंमी पर्यंत सहज जातं. गळायच्या आधी पानं तांबूस होतात यावर मात्र जाऊ नका, ते दोघांतही होतं.

कळ्या आल्या असतील तर एक कळी हलकेच बोटांत धरून फिरवा. तामणाच्या कळीवर उभे कंगोरे असतात ते बोटाला लगेच लागतात, क्रेप मर्टलची कळी गुळगुळीत लागते. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. फूल उमललं की दोन्हीकडे बहुतेक सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी बारीक दोऱ्यासारख्या देठावर उभी आणि कडेला झालर, फक्त तामणाचं फूल 5 ते 7 सेंमी आणि क्रेप मर्टलचं त्याच्या निम्मं. फळाचंही तसंच, एकाचं बोराएवढं तर दुसऱ्याचं वाटाण्यापेक्षा थोडं मोठं.

आता जागेचं. तामण हा वृक्ष आहे, 15 मीटर आणि त्याहून उंच जातो, नदीकाठची ओलसर जमीन त्याला चालते पण कडक हिमतुषार सोसत नाही. क्रेप मर्टल जातीप्रमाणे कमरेएवढ्या झुडपापासून 6-8 मीटरच्या छोट्या झाडापर्यंत मिळतं आणि पानगळ झालेली असताना शून्याखालची थंडीही काढतं, पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला अजिबात आवडत नाही. छोट्या बागेला, खिडकीजवळ, मोठ्या कुंडीत लावायचं तर क्रेप मर्टलच घ्या. तामणाला मोकळी जागा देता येत नसेल तर प्लीज लावू नका, नंतर फांद्या तोडून तोडून त्याचे हाल होतात.

छाटणीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते कारण इथेच सगळे चुकतात. क्रेप मर्टल नवीन फुटीवर फुलतं हे खरं, त्यामुळे लोक समजतात की जितकं जास्त कापू तितकी फुलं जास्त, आणि दरवर्षी जाड फांद्या एकाच उंचीवर सपासप उडवतात, मग त्या जागी गाठी होतात, गाठीतून बारीक लांबच लांब काड्या फुटतात आणि फुलांचं वजन आलं की पाऊस पडल्या पडल्या खाली वाकतात. तसं करू नका. थंडी सरत आली आणि झाड अजून झोपेत असलं की एकमेकांवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, सुकलेल्या फांद्या आणि बुंध्याशी आलेले फुटवे काढा, बस. जुन्या फांद्या राहिल्या तरच साल सुटून आतला गुळगुळीत, ठिपकेदार बुंधा दिसतो, आणि पानं नसताना या झाडाची सगळी शोभा तोच असतो. पहिला बहर संपला की सुकलेले तुरे कापा, बऱ्याचदा दुसरा बहर येतो.

ऊन दोघांनाही भरपूर हवं, रोजचं किमान सहा तास. क्रेप मर्टल सावलीत फुलायचं थांबतं आणि पानांवर भुरी येते, म्हणजे ती पांढरी पावडर. भुरीचा त्रास जास्त असेल तर जपानी लॅगरस्ट्रोमिया फॉरीएइशी संकर केलेल्या जाती शोधा, नॅचेझ ही पांढऱ्या फुलांची त्यातलीच, ती बरीच टिकाव धरते. पानं चिकट आणि काळी पडली तर आधी पानाखाली मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आहे का बघा, काळेपणा त्याच्या चिकट स्रावावर वाढणाऱ्या बुरशीचा असतो. नत्राचं खत ओतलं की पानंच पानं आणि फुलं गायब, मावाही वाढतो.

आणि कुणाच्या बागेतलं क्रेप मर्टल आवडलं असेल तर बी मागू नका, पेन्सिलएवढी काडी मागा. काडीला मुळं सहज फुटतात आणि फूल हुबेहूब त्याच रंगाचं येतं, बियांपासून केलेल्या रोपात रंगाचा भरवसा नसतो.