मंडपातला वॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि कंडेन्सरचा वाद : पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडे हल्ली जे जुने वॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर सुधारून घेतले जातात, ते बहुतेक मंडपवाल्यांकडचे. लग्न, जत्रा, तमाशा, प्रचारसभा यांसाठी बनलेले. 1947 नंतर इंग्लंडात घरी रेकॉर्ड ऐकण्यासाठी जी सर्किटं गाजली, त्यांच्याशी या पेट्यांचं नातं वॉल्व्हपुरतंच. इथे आवाज लांब पोचायला हवा होता, म्हणून लांब तारांवरून आवाज नेणारी 100 व्होल्टची लाइन आणि तिच्या टोकाला कर्णे. ट्रान्झिस्टरचे सेट आले आणि पेट्या माळ्यावर गेल्या. रेकॉर्डची हौस परतली तशा त्या पुन्हा खाली उतरल्या. 2019 च्या पुरात ज्या भिजल्या, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या कागदाने ओल धरली, त्या सरळ चालू करणं धोक्याचं.

खरा वाद आहे तो कपलिंग कंडेन्सरचा, म्हणजे एका वॉल्व्हकडून पुढच्याकडे आवाज जाऊ देणाऱ्या पण डीसी अडवणाऱ्या भागाचा. जुना मेणकागदी कंडेन्सर वयाने लीक होतो. मागच्या वॉल्व्हच्या प्लेटचं डीसी पुढच्या वॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) झिरपतं, वॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि अंधारात पाहिलं तर त्याची प्लेट लालसर दिसते. असा कंडेन्सर काढून प्लास्टिक फिल्मचा टाकला की आवाज मोकळा होतो. पण ही दुरुस्ती झाली. तिला सुधारणा म्हणून महागडे कंडेन्सर गळ्यात मारले जातात, ते मला पटत नाही.

त्याहून नाजूक प्रश्न किमतीचा नाही, मायक्रोफॅरडचा, म्हणजे कंडेन्सरच्या क्षमतेचा. मंडपाच्या सेटमध्ये हा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला असे. 0.005 मायक्रोफॅरड आणि पुढे 220 किलोओमचा रेझिस्टर असेल, तर साधारण 145 हर्ट्झखालचा आवाज क्षीण होऊ लागतो. कर्ण्याच्या युनिटचा पडदा खालच्या सुरांनी फाटू नये, ही त्यामागची काळजी. काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज मात्र 69 हर्ट्झच्या आसपास असतो. ज्या मिरजेत तानपुरे बनतात, तिथल्या कानाला तो खर्ज हरवलेला लगेच कळतो. 0.1 चा कंडेन्सर टाकला की तीच सीमा 7 हर्ट्झवर येते. एक बाजू म्हणते, टाकाच. दुसरी म्हणते, मूळ सर्किटला हात नको. घरी मोठा स्पीकर जोडणार असाल तर पहिली बाजू बरोबर आहे, पण अर्धीच. खालचा सूर पुढे गेला की भार स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर येतो. कर्ण्यापुरतं लोखंड घातलेला ट्रान्सफॉर्मर लवकर भरतो (त्याचं लोखंड आणखी चुंबकत्व घेत नाही) आणि आवाज चिरकतो. म्हणून पैसे खर्चायचेच तर आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर.

वीजपुरवठा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरच्या कंडेन्सरचंही तसंच. हम (विजेची गुणगुण) घालवायला त्याची क्षमता वाढवत नेतात, पण जीझेड 34 सारख्या, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर वॉल्व्हला त्याच्या लगेच पुढच्या जागी 60 मायक्रोफॅरडपेक्षा जास्त सोसत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही त्यात 400 व्होल्ट शिल्लक राहू शकतात. आधी ते उतरवायचे, मगच हात घालायचा.

वॉल्व्हची अदलाबदल सर्वांत शेवटी. एके काळी ते बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात बनत. आता बाहेरून येतात, आणि 2022 मध्ये रशियाचा माल अडकला तेव्हा भाव चढले होते. वॉल्व्ह बदलण्याआधी मेन ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे किती व्होल्टच्या विजेसाठी त्याची वायर जोडली आहे, ते पाहावं. तो 220 वर असेल आणि घरात 240 येत असतील, तर वॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटला 6.3 ऐवजी जवळजवळ 6.9 व्होल्ट मिळतात. 240 चा टॅप असेल तर तिथे वायर हलवायला एक पैसा लागत नाही.